कोल्हापूर ते तिरुपती: हवेतून ६५७ किलोमीटर, मग दारापासून दारापर्यंत किती तास धरायचे?

राजारामपुरीकर · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आईला बालाजीला न्यायचं आहे. वय ७४, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चौदा महिने झालेत. बाबा होते तोवर दोघं दर दोन वर्षांनी हरिप्रिया एक्स्प्रेसनं जायचे. आता गाडीचा वरचा बर्थ तर सोडाच, डब्याच्या पायऱ्या चढायलाच तिला दोघांचा आधार लागतो. ऑपरेशनच्या आधी नवस बोलली होती, ते पैसे पिवळ्या फडक्यात बांधून देवघरात ठेवलेत. रोज पूजा करताना ती पुरचुंडी बाजूला सरकवते आणि माझ्याकडे बघते.

इंटरनेटवर अंतर बघितलं. कुठे ६५२ किमी, कुठे ६५७, कुठे ४०८, एका ठिकाणी तर ३५५. वेळ लिहिलाय १ तास २० मिनिटं. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणतो, "सकाळी जा, दर्शन घे, रात्री घरी जेवायला." मला ते खरं वाटत नाही. जे गेलेत त्यांनी सांगावं, घराच्या उंबऱ्यापासून तिरुमलाच्या डोंगरावर पोचेपर्यंत खरोखर किती तास धरायचे?

उजळाईवाडीकर · सोमवार, रात्री १०:०५

सहा तास धरा. पाचात झालं तर देवाची कृपा.

राजारामपुरीतून विमानतळ आठ-नऊ किलोमीटर, सकाळी पंचवीस मिनिटं. काउंटर विमान सुटायच्या एक तास आधी बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोचा. वृद्ध माणूस बरोबर असेल तर हे टाळू नका. पलीकडं विमान उतरतं रेणिगुंट्याला, तिरुपती गावात नाही. तिथून गाव पंधराएक किलोमीटर आणि गावातून वर डोंगरावर घाटानं आणखी वीस-पंचवीस. मध्ये अलिपिरीला प्रत्येक गाडी थांबवून तपासतात, सामान उतरवायला लावतात. भावाच्या हिशेबात हे काहीच नाही, त्याच्या हिशेबात विमान थेट गाभाऱ्यासमोर उतरतंय.

भूगोलमास्तर · मंगळवार, सकाळी ६:५०

आकडे वेगवेगळे का येतात ते आधी सांगतो. तीस वर्षं हा विषय शिकवला, त्यामुळे राहवत नाही.

६५७, ४०८ आणि ३५५ हे तिन्ही आकडे एकाच अंतराचे आहेत. पहिला किलोमीटरमध्ये, दुसरा साध्या मैलात, तिसरा सागरी मैलात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. विमानवाले तोच वापरतात. ६५२ मात्र वेगळं अंतर आहे: ते शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत. रेणिगुंट्याचा विमानतळ तिरुपती गावाच्या पूर्वेला आहे आणि आपण पश्चिमेकडून जातो, म्हणजे गाव ओलांडून पुढे उतरायचं आणि गाडीनं मागे यायचं.

हे घरी वहीवर करून बघता येतं. उजळाईवाडी, म्हणजे आपलं कोल्हापूरचं विमानतळ, साधारण १६.६६ उत्तर अक्षांश, ७४.२९ पूर्व रेखांश. तिरुपती विमानतळ १३.६३ उत्तर, ७९.५४ पूर्व. अक्षांशांतला फरक ३.०३ अंश. आपल्या भागात एक अक्षांश सुमारे ११०.६ किमी, म्हणजे दक्षिणेकडे ३३५ किमी. रेखांशांतला फरक ५.२५ अंश. रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, त्यामुळे विषुववृत्तावर एक अंश १११ किमी असला तरी आपल्या पट्ट्यात तो १०७.४ भरतो. म्हणजे पूर्वेकडे ५६४ किमी. आता पायथागोरस: ३३५ चा वर्ग अधिक ५६४ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ६५६. पृथ्वी गोल आहे म्हणून मोठ्या अंतराला ही रीत चालत नाही, पण एवढ्या पल्ल्याला किलोमीटर-अर्ध्या किलोमीटरचाच फरक पडतो.

आणि हे लिहिताना एक गोष्ट सापडली, ती सांगितल्याशिवाय चहा गोड लागणार नाही. या रेघेचा मध्यबिंदू काढला: १५.१५ उत्तर, ७६.९२ पूर्व. नकाशावर बोट ठेवलं तर बरोबर बळ्ळारी. तुमच्या आईंची हरिप्रिया मिरज, बेळगाव, लोंढा, हुबळी, गदग, होस्पेट करत जाते तीही बळ्ळारीवरूनच. रूळ कितीही वळणं घेत गेले तरी अर्ध्या वाटेवर विमानाची रेघ आणि रेल्वेची वाट एकमेकींना भेटतात.

हुपरीचा_सचिन · मंगळवार, सकाळी ८:१५

मास्तर, लई भारी. बळ्ळारीचं वाचून अंगावर काटा आला. आजीला घेऊन हरिप्रियानं गेलोय दोनदा, बळ्ळारीला रात्री जाग यायची, फलाटावर कोण तरी इडली-इडली वरडत असायचं. ते निम्मं अंतर हुतं हे आज कळलं.

राजारामपुरीकर · मंगळवार, सकाळी ८:४०

मास्तर, आईला वाचून दाखवलं. "बळ्ळारी म्हणजे तुझे बाबा पाणी भरायला उतरायचे ते," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

आता वेळेचं. ६५७ किमीला १ तास २० मिनिटं हे तरी बरोबर आहे का?

धावपट्टी · मंगळवार, दुपारी १:२०

विमानतळावर जमिनीवरच्या कामात सात वर्षं होतो (कोल्हापुरात नाही, दुसरीकडे), म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

साईटवरचा वेळ म्हणजे बहुतेक वेळा अंतर भागिले वेग. ६५७ भागिले ताशी ५००, एक तास एकोणीस मिनिटं. आपल्याकडच्या लहान विमानतळांवर बरीच उड्डाणं एटीआर ७२ जातीच्या विमानांची असतात. त्यांना पंख्याची इंजिनं असतात आणि ताशी पाचशेच्या आसपास जातात. पण विमान जागेवरून हललं की लगेच पाचशेनं पळत नाही. धावपट्टीच्या टोकापर्यंत जायचं, परवानगीची वाट बघायची, चढताना वेग कमी, उतरताना कमी, उतरल्यावर पुन्हा उभं राहायच्या जागेपर्यंत हळूहळू. म्हणून तिकिटावर जो वेळ असतो तो चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा ठोकळे लावेपर्यंतचा. एटीआर असेल तर एक तास चाळीस मिनिटं धरा. एम्ब्रेअर १४५ सारखं छोटं जेट असेल तर ते ताशी आठशेच्या घरात जातं, तेव्हा सव्वा तास. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघत जा. एकाच मार्गावर पंचवीस मिनिटांचा फरक तिथूनच येतो.

दुसरं म्हणजे वारा. पावसाळ्यात एटीआर ज्या उंचीवर उडतं तिथे वारा साधारण पश्चिमेकडून असतो. जाताना तो पाठीवर, येताना तोंडावर. ताशी ४० चा वारा धरला तर जाताना हवेत ७३ मिनिटं आणि येताना ८६. अंतर तेच, तेरा मिनिटं वाऱ्याची. त्यामुळे तिकिटावर येण्याचा वेळ जास्त दिसला तर चूक समजू नका.

आणि थेट विमान आहे का, कोणत्या वारी आहे, हे तिकीट काढायच्या दिवशीच बघा. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. लहान मार्गांवर फेऱ्या सुरू होतात, बंद होतात. कुणाच्या जुन्या अनुभवावर विसंबून दर्शनाचं तिकीट काढू नका.

रंकाळावेस · मंगळवार, दुपारी ३:०५

थेट विमान मिळालं नाही तर? माझ्या सासऱ्यांना मी हैदराबादमार्गे नेलं होतं. कोल्हापूर–हैदराबाद ४४५ किमी, हैदराबाद–तिरुपती ४१७. ८६२ किमी हवेत आणि मध्ये साडेतीन तास बाकावर. घरातून पहाटे निघून संध्याकाळी वर पोचलो. म्हातारा माणूस खुर्चीत बसून बसून आखडून गेला. पुन्हा करणार नाही.

हुबळीमार्गे · मंगळवार, दुपारी ३:३०

बंगळूरमार्गे त्याहून अवघड. कोल्हापूर–बंगळूर हवेतून ५३० किमी, पण बंगळूरच्या विमानतळावरून तिरुपती गाडीनं अडीचशे किलोमीटर, पाच तास. तरुण मंडळी असाल, कोलार-चित्तूर करत मजेत जायचं असेल तर ठीक. गुडघेवाल्यांनी नको.

तांबडा_पांढरा · मंगळवार, रात्री ९:००

मी रेल्वेच्या बाजूनं बोलतो, राग मानू नका. हरिप्रिया नऊशे किलोमीटरच्या आसपास जाते, वीस-बावीस तास घेते. हो, जास्त आहेत. पण त्यातली आठ तास माणूस झोपतो. दोन टायर वातानुकूलित डब्यात खालचा बर्थ ज्येष्ठ नागरिक म्हणून मिळतो. धपाटे, ठेचा, दही बांधून घ्यायचं, लोंढ्याला जंगल बघायचं. विमानाच्या सहा तासांत माणूस चार वेळा उठतो, चार वेळा बसतो, तीन रांगांत उभा राहतो. दुखऱ्या गुडघ्याला किती तास लागले यापेक्षा किती वेळा उठबस झाली याचा त्रास जास्त. माझ्या आईचं मी हेच मोजलं होतं.

राजारामपुरीकर · मंगळवार, रात्री ९:२५

दादा, राग कसला. उठबस मोजायची हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि ते पटलंय. पण डब्याच्या पायऱ्या आणि रात्री हलत्या गाडीत संडासाला जाणं, हे दोन आईला आता जमत नाही. गेल्या महिन्यात सातारला रेल्वेनं नेलं, तेव्हा तिनं सकाळपासून पाणी प्यायचंच सोडलं, उठावं लागू नये म्हणून. मला ते घरी आल्यावर कळलं.

सुमनकाकू_शाहूपुरी · बुधवार, सकाळी ७:३०

बाळा, मी माझे दोन्ही गुडघे बदललेत आणि गेल्या वर्षी विमानानं जाऊन आले. नीट ऐक.

चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेव, निदान दोन दिवस आधी. आयत्या वेळी मिळते, पण मग माणूस शोधत बसतात. खुर्ची असली की रांगा सगळ्या सुटतात आणि वर त्या दादांनी म्हटलं ती उठबस निम्म्यावर येते. आईला लाज वाटेल. मलाही वाटली होती, खुर्चीत बसल्यावर ओळखीचं कुणी बघतंय का म्हणून पदर पुढे ओढला होता. तिला सांग, सुमनकाकू बसली होती.

गुडघ्यात धातू असतो, तपासणीच्या चौकटीत तो वाजतोच. घाबरायचं नाही. बायकांना पडद्याआड नेऊन बाईच तपासते, हातातल्या यंत्रानं. ऑपरेशनचा कागद पर्समध्ये वरच ठेव, खालच्या बॅगेत नको. माझा खाली राहिला होता आणि मी साडी गुडघ्यापर्यंत वर करून टाके दाखवत बसले.

एटीआर विमानाचा दरवाजा मागच्या बाजूला असतो. त्याच्याच दाराला आतून जोडलेल्या चार-पाच पायऱ्या असतात, एका बाजूनं दांडी धरायला. उतरताना चांगला पाय खाली टाकायचा नाही, दुखरा पाय आधी खाली, चढताना उलट. फिजिओवाल्या मुलीनं शिकवलेलं विसरू नको म्हणावं.

आणि त्याच दिवशी परत यायचा विचार मनातून काढून टाक. देवाला जायचं ते पळत जायचं नाही.

राजारामपुरीकर · बुधवार, सकाळी ९:१०

काकू, तुमचं लिहिलेलं आईनं स्वतः फोन हातात घेऊन वाचलं. खुर्चीला हो म्हणाली.

३०० रुपयांचं दर्शनाचं तिकीट ऑनलाइन मिळालं, दोघांचं. थेट विमान त्याच्या आदल्या दिवशीचं. एक रात्र वर मुक्काम, तिसऱ्या दिवशी परत.

भूगोलमास्तर · बुधवार, सकाळी ९:४०

उजव्या हाताची खिडकी घ्या. होस्पेटच्या तुंगभद्रा धरणाचं पाणी रेघेच्या दक्षिणेला वीसएक किलोमीटरवर येतं. आकाश स्वच्छ असेल तर दिसेल. त्यानंतर आठ-दहा मिनिटांत बळ्ळारी.

राजारामपुरीकर · सव्वातीन महिन्यांनंतर, रविवार, दुपारी ४:००

जाऊन आलो. इतक्या जणांनी मनापासून लिहिलं होतं, म्हणून घड्याळ बघून सगळं टिपून ठेवलं.

जाताना:
६:१० घराला कुलूप. ६:३५ उजळाईवाडी. नवीन इमारत पहिल्यांदा बघितली (१० मार्च २०२४ ला उद्घाटन झालं तेव्हापासून जायचं राहिलं होतं). आई म्हणाली, "राजाराम महाराजांचं विमानतळ, आमचे वडील सांगायचे." खुर्ची दारातच आली. कागद वर होता, तपासणीला तीन मिनिटं.
८:१५ विमान जागेवरून हललं. ८:२७ ला चाकं सुटली.
९:४९ ला रेणिगुंट्याला टेकलं, ९:५६ ला दार उघडलं. म्हणजे हवेत ८२ मिनिटं आणि तिकिटाच्या हिशेबानं एक तास एकेचाळीस. 'धावपट्टी' साहेब, तुमच्यापेक्षा एकच मिनिट जास्त.
खुर्चीवाल्यांना शेवटी उतरवतात, बाहेर पडेपर्यंत १०:२५. अलिपिरी ११:००. बॅगा उतरवल्या, यंत्रातून काढल्या, पुन्हा चढवल्या, ११:२०. घाट. १२:०५ ला वर.

उंबऱ्यापासून पाच तास पंचावन्न मिनिटं. उजळाईवाडीकर, तुमच्या सहा तासांत पाच मिनिटं उरली. आणि 'तांबडा पांढरा' दादांसाठी उठबसही मोजली: सात वेळा. खुर्ची नसती तर पंधराच्या खाली आली नसती.

विमानात आई खिडकीशी होती. नऊच्या सुमाराला खाली डाव्या-उजव्या डोंगररांगांत मोठं राखाडी पाणी दिसलं. मी म्हटलं, आई, होस्पेटचं धरण. तिनं काचेला कपाळ लावलं. मग घड्याळात नऊ वाजून आठ मिनिटं झाली, मी मास्तरांच्या हिशेबानं सांगितलं, आता बळ्ळारी. खाली नुसती तपकिरी जमीन, मध्ये एक दाट ठिपका, त्यातून बारीक रेघ गेलेली. रेल्वेचीच असेल. आईनं पिशवीतनं पाण्याची बाटली काढली, दोन घोट प्यायली आणि मला दिली. सकाळपासून ती मोकळेपणानं पाणी पीत होती.

दर्शन दुसऱ्या दिवशी झालं. त्याबद्दल लिहीत नाही. पुरचुंडी तिनं स्वतःच्या हातानं हुंडीत टाकली.

येताना मात्र त्रास झाला. विमान तीन तास उशिरा आलं. आधी पंचेचाळीस मिनिटं म्हणाले, मग दीड तास, मग कुणी काही सांगायलाच उभं राहिलं नाही. फलक तोच वेळ दाखवत राहिला. माझी तक्रार उशिराबद्दल नाही, हवा कुणाच्या हातात नसते. पण तीन तास आहेत हे पहिल्यांदाच सांगितलं असतं तर मी आईला बाहेर जेवायला घालून आडवं करून आणलं असतं. ती तीन तास त्या लोखंडी बाकावर बसून होती आणि पाय सुजला. वृद्ध माणूस बरोबर असेल तर येताना जेवणाचा डबा आणि दुखण्याची गोळी हातातल्या पिशवीतच ठेवा, बॅगेत टाकू नका.

सुमनकाकू_शाहूपुरी · रविवार, दुपारी ४:३५

सूज उतरली का? उशीवर पाय ठेवून बर्फ लाव, कापडात गुंडाळून. आणि घरी आल्यावर अंबाबाईला गेलात ना?

राजारामपुरीकर · रविवार, संध्याकाळी ६:१०

उतरली काकू.

उजळाईवाडीला उतरलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते, देऊळ बंद. आईचं म्हणणं, बालाजीहून आल्यावर अंबाबाईचं दर्शन झाल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. नवरात्रात तिकडनं देवीला शालू येतो, मग आपण तिकडनं येऊन तिला न भेटता घरी कसं झोपायचं? लाडवाचा डबा तिनं उघडू दिला नाही. शेजारच्यांची पोरं प्रसादाला आली, त्यांना "उद्या" म्हणून परत पाठवलं. पहाटे पाचला उठून, सुजलेला पाय घेऊन, रिक्षानं महाद्वारापर्यंत. तिथून आत चालत गेली, माझा हात धरून. खुर्ची नको म्हणाली. आल्यावर डबा उघडला.

त्यामुळे तिच्या हिशेबानं परतीचा प्रवास दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता संपला.

हुपरीचा_सचिन · रविवार, संध्याकाळी ७:४५

दादा, पुढच्या महिन्यात आजीला नेतोय. खिडकी पंखाच्या पुढची घ्यायची का मागची? पंख आडवा आला तर धरण दिसायचं न्हाई.

धावपट्टी · रविवार, रात्री ८:०२

एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असतात, खालचं कुठूनही दिसतं. फक्त इंजिनाच्या अगदी शेजारची ओळ सोडा, आवाज जास्त असतो. दरवाजा मागे आहे, म्हणून आजींना मागच्या ओळीत घ्या, चालायला कमी. उजवी बाजू.